कार्यक्रम लावणारा माणूस

(मिरजोळे, रत्नागिरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



फलकावर आजचा विषय लिहिलाय, 'नाईटक्लब आणि संगीत महोत्सवांच्या क्षेत्रातलं करिअर'. तो वाचून दोन प्रकारची माणसं आलेली दिसतात. एक, ज्यांना हे काम करायचं आहे. दुसरे त्यांचे आईवडील, जे काळजीनं आलेत. दोघांनाही काही हाती लागेल असं बोलायचा प्रयत्न करतो. गाण्याबद्दल आज कमी बोलणार आहे. पैसे, वेळ, परवाने आणि दरवाजे, याबद्दल जास्त.

पहिल्यांदा शब्दाचा घोळ मिटवू. प्रमोटर म्हणजे कोण? आपल्या भाषेत त्याच्यासाठी नेमकं क्रियापद आहे. आपण नाटक 'लावतो', तमाशा 'लावतो', जत्रेला नमन 'लावतो'. तर जो कार्यक्रम लावतो तो प्रमोटर. आता बघा, गायक गातो आणि बिदागी घेतो. नट त्याची 'नाईट' घेतो. साउंडवाला भाडं घेतो, हॉलवाला भाडं घेतो, मांडववालाही घेतो. या सगळ्यांचे पैसे ठरलेले असतात, लोक आले तरी आणि नाही आले तरी. लोक आले तरच ज्याला पैसे मिळतात, असा एकच माणूस त्या रात्री तिथे असतो. तो प्रमोटर. बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

म्हणून इव्हेंट मॅनेजर आणि प्रमोटर यांची गल्लत करू नका. एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक समारंभ तुम्ही करून दिला, तर कंपनी तुम्हाला ठरलेली रक्कम देते. ते इव्हेंट मॅनेजमेंट. तिथे जोखीम कंपनीची. प्रमोटर स्वतःचे पैसे आधी घालतो आणि मग दारात उभा राहून लोकांची वाट बघतो. नाईटक्लबमध्येही असेच प्रकार आहेत. एक जण कोणत्या रात्री कोणता डीजे वाजवणार हे ठरवतो, तो क्लबचा पगारदार असतो. दुसरा बाहेरून माणसं आणतो आणि माणशी कमिशन घेतो. तिसरा अख्खी रात्र स्वतःच्या जबाबदारीवर घेतो, दारावरचा गल्ला त्याचा आणि खर्चही त्याचा. तिघांनाही लोक प्रमोटरच म्हणतात. पण या तिसऱ्याची झोप वेगळी असते.

आश्रय गेला, तिकीट आलं

हा धंदा बाहेरून आला असं वाटत असेल, तर आपलाच इतिहास बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. तिकिटाचा प्रश्नच नव्हता, राजाचा दरबार होता. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले. आश्रय संपला. मग मंडळी दौऱ्यावर निघाली आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. कलावंत तेच होते. बदललं ते एवढंच की, आधी एका माणसाला खूश करायचं होतं, आता शेकडो अनोळखी लोकांना घरातून बाहेर काढायचं होतं. त्यासाठी जाहिरात लागली, दर ठरवावे लागले, तारीख बघावी लागली. मराठी प्रमोटरचा जन्म तिथला समजायला हरकत नाही.

जुलै १९२१ मध्ये मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे त्या काळातल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मोठे गायक नट, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. आज महोत्सवाच्या पोस्टरवर चार मोठी नावं एकाखाली एक छापतात. त्यामागचा विचार हाच आहे, दोघांचे चाहते एका रात्रीत, एका दारातून.

तमाशात तर जोखमीचे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या 'सुपाऱ्या' द्यायला येतात. सुपारी म्हणजे ठरलेली रक्कम. गाव पैसे देणार, लोक फुकट बघणार, गर्दीची चिंता गावाची. तोच फड दुसऱ्या दिवशी तंबू ठोकून तिकिटाचा खेळ करतो. तिथे पाऊस आला, बाजार पडला, तर झळ फडमालकाला. मराठी नाटकाच्या दौऱ्यात ठेकेदार असतो. तो निर्मात्याकडून ठोक रकमेला प्रयोग विकत घेतो. हॉल, जाहिरात, तिकीटविक्री सगळं त्याचं. नाईटक्लबमध्ये शनिवारची रात्र विकत घेणारा माणूस आणि हा ठेकेदार, कामाच्या दृष्टीनं सख्खे भाऊ आहेत.

एका रात्रीचा हिशेब

आता वही काढा. मी एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असा हिशेब मांडतो. समजा ६०० खुर्च्यांचा हॉल आहे आणि तिकीट ५०० रुपये. गायकाची बिदागी १,२०,०००. प्रवास आणि राहणं २५,०००. हॉल २०,०००. साउंड आणि लाइट ३५,०००. जाहिरात २०,०००. परवाने, संगीताचे हक्क, सुरक्षारक्षक, जेवण वगैरे ३०,०००. बेरीज अडीच लाख.

हॉल पूर्ण भरला तर गल्ला तीन लाख. नफा पन्नास हजार. छान वाटतं. पण खर्च भरून निघायलाच ५०० तिकिटं जायला हवीत. म्हणजे १०० तल्या ८३ खुर्च्या भरेपर्यंत तुम्ही फक्त दुसऱ्यांची बिलं भागवताय. ८४ वी खुर्ची तुमची. आणि अर्धाच हॉल भरला तर? गल्ला दीड लाख, तोटा एक लाख.

ही दोन्ही आकडे नीट बघा. जास्तीत जास्त फायदा पन्नास हजार, कारण ६०१ वी खुर्ची हॉलमध्ये नाही. तोटा मात्र अडीच लाखांपर्यंत जाऊ शकतो. फायद्याला छत आहे, तोट्याची विहीर खोल आहे. या धंद्यात बुडालेली बहुतेक माणसं कार्यक्रम वाईट झाला म्हणून बुडत नाहीत. चार कार्यक्रमांची कमाई पाचव्यात घालवून बुडतात.

यात फुकट पास धरलेले नाहीत. आपल्याकडे पास मागणारे पुष्कळ. 'अरे, दोनच दे.' असे चाळीस पास गेले आणि ते लोक एरवी तिकीट काढून येणारे असले, तर पन्नासातले वीस हजार गेले. पास जरूर द्या, पण किती देणार हा आकडा जाहिरातीच्या खर्चात आधी लिहा.

करही बघा. पूर्वी करमणूक कर होता. १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, त्याच्या करमाफीचा वाद न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षं चालला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. गाण्याच्या किंवा नाटकाच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्याला सूट आहे, वरच्या तिकिटाला १८ टक्के. म्हणून ५०० चं तिकीट ५५० करताना आधी सीएला विचारा. वाढवलेले पन्नास कुणाच्या खिशात जाणार, ते कळेल.

पत म्हणजे काय

आता याच हिशेबात एक बदल करू. गायकाला म्हणायचं, 'मी हमी ६०,००० ची देतो. खर्च निघाल्यावर जे उरेल त्यातले ६० टक्के तुमचे, ४० माझे.' आता खर्च १,९०,००० झाला. ३८० तिकिटांवर तुम्ही मोकळे. हॉल भरला तर १,१०,००० उरतात. गायकाला ६६,००० वरचे मिळतात, एकूण १,२६,०००. म्हणजे आधीपेक्षा जास्त. तुम्हाला ४४,०००, आधीपेक्षा सहा हजार कमी. पण हॉल अर्धा भरला तर तुमचा तोटा एक लाखाऐवजी ४०,०००. चांगल्या रात्री सहा हजार सोडले आणि वाईट रात्री साठ हजार वाचले.

मग सगळे असंच का करत नाहीत? कारण गायकानं ते कबूल का करावं? किती तिकिटं गेली हे तो मोजू शकत नाही. तो आत गात असतो, गल्ला बाहेर असतो. खर्चाचा आकडाही तुम्हीच सांगणार. त्यामुळे ज्याच्या हिशेबावर विश्वास आहे त्यालाच कलावंत टक्केवारीवर येतो. नवख्याला म्हणतो, 'पूर्ण रक्कम आधी टाक.'

माझ्या मते या करिअरमध्ये शिकायची मुख्य गोष्ट ही आहे. प्रमोटरचं भांडवल म्हणजे त्याची पत. ओळखी, इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर, संगीताची जाण, हे सगळं उपयोगी आहे. पण तोटा कमी करणारा प्रत्येक मार्ग, टक्केवारी असो, उधारीवर साउंड असो, हॉलची तारीख धरून ठेवणं असो, तो फक्त पत असलेल्यालाच उघडतो. आणि पत एका रात्रीत मिळत नाही. तोट्यात गेलेल्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी साउंडवाल्याचे पैसे देऊन ती मिळते. फायद्यात असताना पैसे सगळेच देतात.

उलटं उदाहरण म्हणजे बहामाजमधला 'फायर फेस्टिव्हल'. २०१७ साली नामांकित मॉडेल्स घेऊन त्याची झगमगीत जाहिरात झाली, महागडी तिकिटं विकली गेली. लोक बेटावर पोचले तेव्हा तिथे आपत्कालीन तंबू होते आणि जेवणाची धड सोय नव्हती. आयोजकाला २०१८ मध्ये फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. जाहिरात उत्तम होती. लावलेलं मात्र काही नव्हतं.

लोक कशाला येतात

नाईटक्लबचा प्रमोटर काय करतो, हे मुंबईच्या चाकरमान्यांना समजावून सांगावं लागत नाही. आपल्या गावमंडळांनी परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुरा लावले, नमनं लावली. तिकिटांची पुस्तकं वाडीतल्या वीस जणांत वाटायची. प्रत्येकानं आपापल्या नात्यात, चाळीत, कारखान्यात खपवायची आणि न खपलेली परत आणून द्यायची. उरलेले पैसे गावच्या देवळाला नाहीतर शाळेला. क्लबची 'गेस्ट लिस्ट' म्हणजे हेच आहे. वीस मुलं आपापल्या मित्रांना घेऊन येतात. फरक एवढाच की मंडळाच्या प्रेक्षकाला तिकीट कुणी विकलं ते माहीत असतं आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला जाब विचारता येतो.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव बघा. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. १९५३ पासून भीमसेन जोशींनी आपल्या या गुरूंच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. यंदा कोण गाणार हे कळायच्या आधी डिसेंबरातले ते दिवस राखून ठेवणारी माणसं आज पुण्यात आहेत. कलावंत दरवर्षी बदलतात, सवय बदलत नाही. महोत्सवाची खरी मालमत्ता म्हणजे ही सवय.

पुण्यातच २०१० मध्ये एनएच-७ वीकेंडर सुरू झाला. तो करणारी ओन्ली मच लाउडर ही कंपनी त्याआधी काही वर्षं बँडचं व्यवस्थापन करत होती, म्हणजे त्यांना बँड आणि त्यांचे चाहते दोन्ही माहीत होते. गोव्यात २००७ मध्ये सनबर्न सुरू झाला, २०१६ मध्ये तो पुण्याजवळ केसनंदला आला. नाव प्रसिद्ध झाल्यावर महोत्सव जागा बदलू शकतो, पण प्रत्येक नव्या जागी रस्ता, पाणी, पार्किंग आणि गावकरी यांच्याशी नव्यानं बोलावं लागतं.

आणि लांब कशाला जायचं, रत्नागिरीत आर्ट सर्कलचा कला संगीत महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात होतो. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी जिथे नजरकैदेत ठेवलं, त्या जागेत शास्त्रीय गाणं ऐकायला लोक बसतात. गाणं तर आहेच, पण ती जागाही लोकांना बोलावते. आपल्या परिसरात अशी कोणती जागा आहे, हे प्रत्येकानं शोधावं.

इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीचं उदाहरण कोकणात सांगण्यासारखं आहे. मायकल इव्हिस हा दूधवाला शेतकरी. त्यानं सप्टेंबर १९७० मध्ये स्वतःच्या शेतावर पहिला महोत्सव केला. तिकीट एक पौंड, दूध फुकट, माणसं साधारण दीड हजार. आज ते जगातल्या मोठ्या महोत्सवांत मोजलं जातं. पण अधूनमधून एखादं वर्ष जमिनीला विश्रांती म्हणून महोत्सव होतच नाही. जमीन पडीक ठेवायची अक्कल शेतकऱ्याला असते, प्रमोटरलाही असावी.

रात्रीचे दहा

कायद्याकडे येऊ. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली याच नियमामुळे संध्याकाळच्या झाल्या. आवाजाची मर्यादा वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. इथे कुणीतरी म्हणेल, 'मग एमआयडीसीतच लावू, तिथे मर्यादा जास्त आहे.' मर्यादा जास्त आहे, पण उघड्यावरचा दहाचा नियम तिथेही तोच.

नियमात बंदिस्त सभागृहाला वेगळं धरलंय, आवाज आतल्या आत राहत असेल तर. नाईटक्लब जाड भिंतींच्या, बिनखिडकीच्या खोलीत का असतो, याचं मोठं कारण हे आहे. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दुसरा विषय संगीताच्या हक्कांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तिकीट लावून गाणं वाजवायचं तर परवानगी लागते. गीत आणि चाल यांचे हक्क आयपीआरएस ही संस्था बघते, ध्वनिमुद्रणाचे हक्क पीपीएलसारख्या संस्था बघतात. डीजे रेकॉर्ड वाजवणार असेल तर दोन्हींचा विचार करावा लागतो. गायक स्वतः जुनी सिनेगीतं गाणार असेल तर गीत-चालीचा. लग्नाच्या वरातीला कायद्यात सूट आहे, ती तुमच्या तिकिटाच्या कार्यक्रमाला लागू होत नाही.

मद्य असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. गोव्यात १८. त्यामुळे गोव्यात चालणारी पार्टी जशीच्या तशी इकडे उचलून आणता येत नाही. तुमच्या प्रेक्षकातला अर्धा भाग इथे कायद्यानं पिऊ शकत नाही, आणि दारावर ओळखपत्र बघणं ही तुमची जबाबदारी होते. कार्यक्रमाचा पोलीस परवाना, अग्निशमनाचा दाखला, जनरेटर आणि तात्पुरत्या वायरिंगची तपासणी, हे वेगळं. कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो, हे कार्यक्रमाच्या दीड-दोन महिने आधी स्वतः जाऊन विचारा. एजंटाला पाठवलंत तर कागद मिळेल, माहिती मिळणार नाही.

दरवाजे

आता मघाची बिनखिडकीची खोली. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्स आवारात दोन पबना आग लागली. १४ माणसं गेली. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीनच्या एका विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्याच महोत्सवात, गाण्याच्या कार्यक्रमाला चेंगराचेंगरी होऊन चार जण गेले. तिथे आग नव्हती, दारू नव्हती. पाऊस आला आणि बाहेरचे लोक आत घुसायला लागले, एवढंच.

म्हणून गर्दी मोजायला शिका. उभ्या प्रेक्षकाला माणशी निदान अर्धा चौरस मीटर जागा धरतात. ४० मीटर बाय ५० मीटरचं मैदान म्हणजे २,००० चौरस मीटर. रंगमंच, साउंडचा मनोरा, स्टॉल, रिकामे रस्ते यांचे ५०० वजा करा. उरले १,५००. म्हणजे ३,००० माणसं. तिकिटं ३,००० च विकायची. ३,००१ वा माणूस आमदारांचा पुतण्या असला तरी.

आणि हिशेबाचं गणित इथे तुमच्याविरुद्ध उभं राहतं, हे ओळखा. मघाशी म्हटलं की फायद्याला छत आहे. ते छत फोडायचा सोपा मार्ग म्हणजे जास्तीची पाचशे माणसं आत घेणं. खर्च शून्य, गल्ला वाढतो. दुसरा मार्ग म्हणजे मागचा दरवाजा बंद ठेवणं, म्हणजे फुकटे आत येत नाहीत आणि एक रखवालदार वाचतो. दोन्ही निर्णय पैशाच्या दृष्टीनं शहाणपणाचे दिसतात. ज्या दिवशी तुम्ही तोट्यात असाल, त्या दिवशी ते फार शहाणपणाचे दिसतील. म्हणून आकडा आणि दरवाजे आधी लिहून ठेवायचे, कार्यक्रमाच्या रात्री ठरवायचे नाहीत. ज्याच्याकडे दरवाजाची किल्ली असेल, त्याच्याकडे गल्ला नको. दोन वेगळी माणसं ठेवा.

सुरुवात कुठून

मिरजोळ्यात बसून हे कसं करायचं? तुमच्यातल्या कित्येकांनी केलेलंच आहे. गावच्या रात्रीच्या क्रिकेट स्पर्धा कोण लावतं? प्रवेश फी, बक्षिसाचे प्रायोजक, लाइट, थेट प्रक्षेपण, वडापावचा स्टॉल, हे सगळं तुम्ही हाताळता. तो अनुभव कागदावर मांडा. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात रंगमंचामागे काम करा. साउंडवाल्याकडे एक हंगाम हेलपर म्हणून जा, कारण कार्यक्रम कुठे अडतो ते त्याला सगळ्यात आधी कळतं.

मग स्वतःचा पहिला कार्यक्रम शंभर माणसांच्या आतला लावा. सगळे पैसे बुडाले तरी घरच्या जेवणावर परिणाम होणार नाही, एवढ्याच रकमेचा. तारीख ठरवताना पंचांग बघा. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावात असतात, पण ते देवासाठी आलेले असतात. पालखी घरी येणार त्या रात्री तुमच्याकडे कोण येईल? मे महिन्यात माणसं मोकळी असतात, पण मेच्या शेवटी वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही. आणि कार्यक्रम संपण्याची वेळ शेवटच्या एसटीच्या आधी ठेवा, किंवा गाडीची सोय तिकिटातच धरा. घरी जाता येईल की नाही, या एका शंकेनं कितीतरी तिकिटं विकली जात नाहीत.

पहिल्या कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत एका पानावर हिशेब लिहा आणि ज्यांचा ज्यांचा त्यात वाटा होता त्या सगळ्यांना द्या. कुणी मागितला नसला तरी द्या. पाच वर्षांनी तुम्ही एखाद्या मोठ्या गायकाला टक्केवारीवर बोलावाल, तेव्हा अशी पाच-दहा पानं तुमच्या उपयोगी पडतील.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, यात पोट भरतं का? माझा मुलगा नोकरी सोडतो म्हणतोय.*

सोडू देऊ नका, निदान पहिली तीन वर्षं. हा हंगामी धंदा आहे. आपल्याकडे पावसाचे चार महिने उघड्यावर काही होत नाही. ज्याला महिन्याच्या महिन्याला पैसे लागतात, तो घाईनं वाईट कार्यक्रम लावतो. याच क्षेत्रात पगाराची कामंही आहेत. क्लबचा बुकिंग बघणारा, तिकीटविक्री बघणारा, साउंड इंजिनियर, रंगमंच व्यवस्थापक, हिशेबनीस. त्यातलं एक धरून शनिवार-रविवार स्वतःचं करता येतं.

*प्रश्न : मुलींनी या क्षेत्रात यावं का? रात्रीचं काम असतं म्हणून घरचे नाही म्हणतात.*

यावं. पण अटी लेखी घ्याव्यात. घरी सोडण्याची गाडी, रोख रकमेबरोबर एकटीला न ठेवणं, कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली, तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव. ज्या आयोजकाला हे लिहून द्यायला जड जातं, त्याच्याकडे काम करू नये. आणखी एक गोष्ट सांगतो. काही क्लब मुलींना फुकट प्रवेश देतात आणि मुली किती आणल्या यावर प्रमोटरला कमिशन देतात. तिथे मुलगी प्रेक्षक राहत नाही, पुरुषांना विकायच्या तिकिटाची जाहिरात होते. या कमिशनवर करिअर सुरू करू नका, मुलांनीही नाही. प्रेक्षक म्हणून आलेल्या मुलीला स्वच्छ संडास, उजेड असलेला पार्किंगचा रस्ता आणि दारावर महिला सुरक्षारक्षक मिळाली, तर ती पुढच्या वेळी चार मैत्रिणींना घेऊन येते.

*प्रश्न : रील टाकून हॉल भरत नाही का? आमच्या एका रीलला दोन लाख व्ह्यूज आले होते.*

ते दोन लाख लोक कुठे राहतात, ते बघा. नागपूरचा माणूस तुमची रील बघेल, गुरुवारी रात्री मिरजोळ्याला येणार नाही. रीलमुळे माहिती पोचते. तिकीट बहुतेक वेळा 'अमका येतोय, तू येतोस का?' या वाक्यानं विकलं जातं. ते वाक्य बोलणारी तीस माणसं तुमच्याकडे आहेत का? नसतील तर आधी ती जमवा.

*प्रश्न : आणि समजा पहिलाच कार्यक्रम पडला तर?*

पडेल असं धरूनच रक्कम ठरवा, ती मघाशी सांगितली. पडला तर रंगमंचावर बिघडवू नका. चाळीस माणसं आली असतील तर त्यांना पुढच्या रांगांत बसवा, कार्यक्रम पूर्ण करा, गायकाला पूर्ण मान द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बिलं भागवा. ती चाळीस माणसं तिकीट काढून आलेली आहेत. त्यांचे नंबर लिहून घ्या. पुढच्या कार्यक्रमाचा पहिला फोन त्यांना करायचा.